बिनशेंदराची चाकाई

पायऱ्या उतरताना उजव्या हाताला ते दातेरी लोखंडी चाक दिसलं ना तुम्हाला, ती आमची चाकाई. नदीकाठची दगडी विहीर, तिच्यावर चाक, चाकावरून साखळी. साखळीच्या एका टोकाला तोंड बुजवलेला तांब्याचा रिकामा घडा, दुसऱ्या टोकाला दगड. बाजूला दात्यांना टेकलेली हातोडी आणि घंटा. बाकीच्या देवांना शेंदूर, हिला नाही. हिला नुसतं एरंडीचं तेल.

पूर्वी हिलाही शेंदूर होता म्हणे. चाक कुणी बसवलं, कशाला बसवलं, हे ठाऊक असणारे कधीच मरून गेले होते. मागच्यांनी हात जोडले म्हणून पुढच्यांनी जोडले. शेंदूर थापून थापून दाते बुजले, चाक जागीच थिजलं.

गाव मासे धरणाऱ्या धीवरांचं. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत डांगरवाड्या, म्हणजे खरबुजांच्या वाड्या लागायच्या. एका साली इथे आभाळ कोरडं, पण वर डोंगरात पाऊस झाला, नि ते पाणी येऊन वाडीत राखणीला असलेला डोमा वाहून गेला. त्याच्या बायकोने, ठगूने, त्याच्याचसाठी नवस बोलून चाकाईला शेंदूर वाहिला होता. तेरावं झालं तशी ती खुरपं घेऊन विहिरीवर आली.

"माया मानूस राखला नाही, मंग तू हायेस तरी कायले?" म्हणाली, आणि खरवडू लागली.

भगत धावत आला. "देवीचं अंग खरवडतं का वं?"

"इचारून राहिली तिले."

पंचांनी बजावलं, यापायी गावावर काही आलं तर तुला गाव सोडावं लागेल. ठगूने बैलगाडीच्या आसाचं एरंडी तेल दात्यांत सोडलं. घडा हाताने उचलून पाहिला, तर दगड खाली गेला, चाक फिरलं, हातोडी घंटेवर पडली. मग ती विहिरीत वाकून बघत बसली. तळाला नदीकडून आलेलं भोक होतं, त्यात गाळ. तो तिने उतरून उपसून काढला.

"ह्या घड्याले नदीच उचलीन," ती म्हणाली.

लोक हसले. नवऱ्यासोबत हिची अक्कलही वाहून गेली म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात, रखरखीत दुपारी, घंटा आपोआप वाजू लागली. गावात होते तेवढे सारे विहिरीवर येऊन लोटांगण घालू लागले. पंचांनी ठगूकडे बोट केलं, "आलं ना गावावर?" वाळूत तेव्हा तिचा धाकटा दीर होता, अर्ध्या गावाची माणसं होती.

"पाया मंग पडा," ठगू म्हणाली. "अगुदर वाडीतले मानसं काढा."

कुणी हललं नाही. तीच ओरडत वाळूत धावली. तिच्या हाकेनं माणसं काठाला लागली. दीर सगळ्यांत मागे, काखेत एक डांगर घेऊनच. तेवढ्यात पाणी आलं. वाड्या गेल्या, माणूस एकही गेला नाही, असं सांगतात.

ठगूने गाव सोडायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. उरलासुरला शेंदूर पंचांनीच खरवडला.

आजही अक्षयतृतीयेला चाकाईला तेल घालतात, पहिला मान विधवेच्या हाताचा. आणि आजही घंटा वाजली की इथे कुणी हात जोडत नाही. आधी वाळूकडे धावतात. हात जोडायचे ते पाणी उतरल्यावर.