फरशीला टाकी

शाळेच्या पायऱ्यांवर घसरून माझ्या मैथिलीची हनुवटी फुटली, त्या रात्री माझा डोळा लागला नाही. पायऱ्यांना आरशासारखी फरशी शाळेनेच बसवली, आणि मुख्याध्यापिकाबाई मलाच म्हणाल्या, "मुलांना सावकाश चालायला शिकवा." माझंच काही चुकलं का, तेही उगाळून झालं, सवय आहे मला. सकाळी सहा वर्षांच्या त्या पोरीला मऊ भात भरवताना संतापाच्या भरात ही गोष्ट सांगितली.

एकदा एका व्यापाऱ्याने गावच्या विहिरीपर्यंतच्या वाटेवर गुळगुळीत फरशी बसवली आणि उद्घाटनाला एका वृद्ध आचार्यांना बोलावले. त्यांचा शिष्य शब्दांचा अभ्यासक. तो रंगून बोलला, "फरशी हा शब्द दूरदेशीचा. 'फर्श' म्हणजे अंथरलेले. आपल्याकडे तो घरात स्थिरावला. खानदेशाकडे ओढ्यावरच्या बुटक्या पुलालाही फरशी म्हणतात. कोकणात मात्र चढणीवरच्या दगडी वाटेला पाखाडी."

टाळ्या पडल्या. आचार्यांनी हातातला नारळ खाली ठेवला आणि पाथरवटाला हाक मारली. "ये बाबा, हिला टाकी लाव, खडबडीत कर."

छिन्नीचा घाव बसला. चकचकीत दगडावर खड्डा उमटला.

"अहो महाराज, हा काय पाटा आहे टाकी लावायला?" व्यापारी संतापला. शिष्यही ओशाळला. "गुरुजी, त्यांनी मानाने बोलावलंय आपल्याला."

आचार्यांनी विहिरीकाठची घागर व्यापाऱ्यापुढे केली. "शेठ, ही भरली घागर खांद्यावर घ्या आणि ओल्या पायांनी चालून दाखवा."

"मी? पडेन ना मी."

"परवा एक बाई पडली, मनगट मोडलं तिचं. तिला काय म्हणालात?"

गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "म्हणाले, बायांनी खाली बघून चालावं."

आचार्य रागाने शिष्याकडे वळले. "तीन मुलखांतून शब्द गोळा केलास आणि अर्थ तिथेच ठेवून आलास. अंथरतात ते दुसऱ्यासाठी. ओढ्यावरची फरशी माणसाला पलीकडे नेते, पाखाडी चढण सोपी करते. जिच्यावर पाय ठरत नाही, ती अंथरलेली नाही, मिरवायला मांडलेली आहे."

शिष्याने भाषणाचा कागद दुमडला, घागर उचलली आणि पाथरवट टाकी लावत जाईल त्या एकेका दगडावर ओला पाय टेकवून पाहू लागला.

गोष्ट जमली, असं वाटलं मला. शाळेची फरशी नवी असताना पालकसभेत "किती छान दिसतंय" म्हणणारी मीच होते, एवढं मी गोष्टीत घातलं नव्हतं.

मैथिलीने घास गिळला. "आई, फरशी बसवत होते तेव्हा ते आजोबा कुठे होते?"