सुभान झोऱ्याची मोरी

फार वर्षांपूर्वी धामणदऱ्याच्या उतारावर सातच घरं होती, आणि सातही घरं नाचणीवर जगत होती. त्यांतल्या एका घरात सुभान झोरे नावाचा धनगर राहायचा. कुत्र्याच्या पिल्लाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, की मोठेपणी ते रानात कसं वागेल हे तो सांगायचा, असं म्हणतात.

वाडीचा एक रिवाज होता. रानडुक्कर पडलं, की ज्या कुत्र्याचा दात त्याला पहिला लागला, त्याला काळजाचा तुकडा मिळे. म्हणून जो तो धरणारे कुत्रेच पाळायचा. लांब राहून भुंकणारं पिल्लू निघालं, तर त्याला कोणी भाकरसुद्धा घालत नसे.

मग खांड्या आला. एक सुळा तुटलेला, रेडकाएवढा डुक्कर. दोन वर्षं त्याने उभी नाचणी लोळवली. दोन्ही वर्षं कुत्रे धावून त्याला लटकले आणि माणसं भाले उगारून तशीच उभी राहिली. भाला मारायचा कुठे? डुकराच्या अंगावर सगळे आपलेच कुत्रे. खांड्याने अंग झटकलं, नऊ कुत्रे फाडले आणि रानात निघून गेला. तिसरं पीकही गेलं तर वाडी उठवायची, असं ठरलं होतं.

सुभानकडे दोन कुत्रे उरले होते. ढाण्या धरणारा, रुंद जबड्याचा, त्याने हाताने भरवून वाढवलेला. आणि मोरी, जी म्हशीसुद्धा चार हात लांबूनच वळवायची. सुभानने तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी उजाडताच त्याने ढाण्याला घराच्या मेढीला, मधल्या खांबाला, बांधलं.

त्याची बायको ठकू म्हणाली, "वाघ घरात ठेवून हिला नेताय? ही कोंबडीला भिते."

"भिऊ दे. माझ्या भाल्याच्या आड तरी येणार नाही."

वाडीचा वडीलधारा म्हादूकाका हसला. "सुभाना, नुसती वाजंत्री घेऊन निघालास. नवरा कुठाय?"

"काका, सगळ्यांचे धरणारे कुत्रे बांधा. आज एकही सुटता कामा नये."

"आणि खांड्या निसटला तर?"

"तर वाडीतून पहिलं बिऱ्हाड माझं उठेल."

मोरीने खांड्याला करवंदीच्या जाळीत गाठलं. तो अंगावर आला की ती मागे सरे. तो पळायला वळला की ती भुंकत पुन्हा समोर उभी. तिचा आवाज सात डोंगरांवरून फिरून येई आणि खांड्याला वाटे, शंभर कुत्र्यांनी वेढलंय. त्या दिवशी सूर्यही कड्यावर थबकला, असं म्हणतात. फिरून फिरून त्या दोघांच्या पायांखालची जमीन खचली आणि तिथे खळगा पडला. इकडे तो आवाज ऐकून ढाण्याने अशी ओढ घेतली, की मेढ वाकली. ठकू दोन्ही हातांनी दाव्याची गाठ धरून बसून राहिली.

शेवटी खांड्या दमून उभा राहिला. मोरी चार हात मागे. मध्ये नुसतं गवत. सुभान त्या मोकळ्या जागेत सरळ चालत गेला आणि त्याचा भाला डुकराच्या खांद्यामागे मुठीपर्यंत रुतला.

काळजाचा तुकडा हातात घेऊन म्हादूकाका डुकराभोवती दोनदा फिरला. "दात कुठेच नाही रे लागलेला. द्यायचा कुणाला?"

"आवाजाला द्या," सुभान म्हणाला.

काकाने तुकडा पुढे केला. मोरी चार हातांवर उभी राहून त्याच्यावरच भुंकू लागली. तेव्हा म्हादूकाकाने तो गवतावर ठेवला आणि स्वतः मागे सरला. मग तिने खाल्ला.

आता शिकार बंद झाली, भालेही कुठे दिसत नाहीत. पण नवी नाचणी दळली, की धामणदऱ्यातले लोक पहिली भाकर सुभानच्या नावाने त्या खळग्याच्या काठावर ठेवतात आणि चार हात मागे सरून थांबतात. एखादं कुत्रं येऊन ती खाईपर्यंत कुणी घास मोडत नाही. आणि तेवढा वेळ प्रत्येक घरात सगळ्यांत लाडका कुत्रा मेढीला बांधलेला असतो.