स्वर्गाचा रहिवासी दाखला

एक होती तबी. खरं नाव तबिथा, पण एवढं मोठं नाव त्या एवढ्याशा पोरीला पेलायचं नाही, म्हणून सगळे आपले तबीच म्हणत. तबीची आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. रस्ता पुढे सरकला की यांचं पालही पुढे. आज या गावाला, उद्या त्या गावाला. बाबा मागच्या उन्हाळ्यात देवाघरी गेले, तेव्हापासून दोघीच.

नाताळ जवळ आला तेव्हा त्यांचं पाल एका डाळिंबाच्या बागेशेजारी पडलं होतं. रविवारी तबी गावातल्या ख्रिस्ती देवळात, मुलांच्या रविवारच्या शाळेत जाऊन बसली. ग्रामसेवकाची हन्ना तिथली पुढारी. तिने विचारलं, "तुझ्याकडे रहिवासी दाखला आहे का गं? तुम्ही कुठले राहणारे, ते लिहिलेला कागद?"

"नाही बाई."

"मग स्वर्गात कसं घेतील तुला? आमचे पप्पा म्हणतात, दाखल्याशिवाय कुठलंच काम होत नाही!"

झालं! तबीच्या काळजात धस्स झालं. म्हणजे बाबा आत आणि आपण फाटकाबाहेर? बाबा पुन्हा भेटायचेच नाहीत?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घागर घेऊन बागेतून निघाली. काय ती बाग सांगू! लालचुटुक डाळिंबं, पोपटी पानं आणि पानापानावर दवाचे इवले इवले मोती. पाखरांनी फळं खाऊ नयेत म्हणून वर जाळी टाकलेली होती. त्या जाळीत काहीतरी फडफडत होतं.

"अगं बाई, पाखरू अडकलं!" तबीने घागर खाली ठेवली आणि दातांनी गाठ सोडवली. बघते तर पाखरू कुठलं, अंगठ्याएवढी परी! चिमुकले मोरपंखी पंख, सोनपिवळा झगा आणि रागाने लाल झालेलं पिटुकलं नाक.

"मेली ती जाळी!" परी म्हणाली. मग तबीकडे बघून गोड हसली. "बाळ, मी देवाच्या घरची परी. तुझ्या तीन इच्छा पुऱ्या करीन. पण नियम आहेत हं! एका सकाळी एकच मागायची, दव सुकायच्या आत, आणि कुणाचं वाईट मागायचं नाही."

दाखला अगदी तबीच्या ओठांवर आला होता. तेवढ्यात पलीकडे आई दिसली. खडीवरून अनवाणी चालत होती, थंडीने टाचांना भेगा पडलेल्या.

"आईचे पाय बरे कर," तबी म्हणाली. परीने कांडी फिरवली, चांदीचा भुरभुर पाऊस पडला, आणि आईच्या मऊ मऊ पायांत लाल चपला आल्या.

दुसऱ्या सकाळी दाखला मागायचाच, असं ठरवून तबी आली. पण बागेच्या बांधावर हन्ना मुसमुसत बसलेली. घसा पार बसला होता आणि नाताळचं गाणं तर तिनेच म्हणायचं होतं! मी असते तर म्हटलं असतं, बरी जिरली. पण तबी ती तबी. "तिचा आवाज तिला दे," म्हणाली.

तिसऱ्या सकाळी मात्र ती धावतच आली. "परीताई, मला स्वर्गाचा रहिवासी दाखला हवा!"

परीने कांडी फिरवली. फुस्स! पुन्हा फिरवली. एक ठिणगीसुद्धा नाही.

"म्हणजे मी तिथली नाहीच," तबी म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. परी खुदकन हसली, तशी तबी चिडली. "हसतेस काय? माझे बाबा आहेत तिथे!"

"अगं वेडाबाई, तुझ्याकडे नसेल ते मी देईन. जे तुझं आहेच, ते कुठून देऊ? तू तिथलीच आहेस. प्रभू येशूने तुझा हात धरलाय, तोच तुला घरी नेणार. घरच्या लेकराला घरात शिरायला दाखला लागतो का?"

"मी आईसाठी, हन्नासाठी मागितलं, म्हणून का?"

"छे! उलट आहे ते. देवाच्या घरची आहेस, म्हणून तुला तसं सुचलं. घरचं वळण कुठे लपतं? पाल कुठेही पडू दे गं, तुझं घर ठरलेलं आहे." परीने तिचे गाल पुसले. "आणि तिसरी इच्छा अजून शिल्लक आहे. एवढ्या गोड मुलीला तेवढं बक्षीस नको? बोल लवकर, दव सुकत आलं!"

तबीने नाक पुसलं. थोडा विचार केला. "तू आता तिकडेच चाललीस ना? मग बाबांना माझा निरोप दे. म्हणावं, तबी येणार आहे, नक्की येणार आहे. पण तिला अजून खूप खेळायचंय, शाळेत जायचंय, आईला सांभाळायचंय. तर तुम्ही जेवायला थांबू नका."

या वेळी कांडी अशी लखलखली, की झाडावरचं एकूण एक डाळिंब उजळून निघालं. सोनेरी, गुलाबी, निळा उजेड! त्या उजेडात परी वर वर गेली आणि दिसेनाशी झाली.

निरोप पोचला बरं का. त्याची खात्री मी देते.