सुईणमावशीची सायकल आणि देवळाच्या तीन फेऱ्या

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतक्या वर्षांपूर्वीची, की तेव्हा गाढवं बोलत होती आणि तरीही विजेवरच्या सायकली निघालेल्या होत्या. हे कसं काय, ते विचारू नका. मीही माझ्या आजोबांना विचारलं होतं आणि टपली खाल्ली होती.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि वर खिंडीत एक वाडी. दोन्हीकडे मिळून सुईण एकच. तिला सगळे सुईणमावशी म्हणत. गावातलं काय आणि वाडीतलं काय, प्रत्येक मूल पहिल्यांदा रडलं ते मावशीच्याच हातात. या गोष्टीचा तिला फार अभिमान होता आणि तो तिने कधी लपवलाही नाही.

खिंड चढायची ती गाढवावर बसून. पण गाढव म्हातारं झालं. एके सकाळी ते म्हणालं, "बाई, तुझे दोन आणि माझे चार, मिळून सहा गुडघे. त्यातला धड एकही नाही. आता दुसरं काहीतरी बघ."

त्याच सुमारास राणी बाळंत झाली. मावशीने राजपुत्राला सुखरूप जगात आणलं. राजा खूश होऊन म्हणाला, "मावशी, आमच्या वखारीत विजेवरच्या सायकली आहेत. हवी ती घेऊन जा."

झालं! गावभर सल्ल्यांना ऊत आला. पाटील म्हणाले, "मावशी, वेग बघा. वाऱ्याला मागे टाकणारी घ्या." सोनारीण म्हणाली, "रंग बघा हो. चारचौघांत उठून दिसली पाहिजे."

गाढव म्हणालं, "आधी खिंडीत नेऊन बघ. ओझं लादून बघ. आणि वीज संपल्यावर ढकलता येते का, तेही बघ."

मावशी हसली. "गाढवाला गुळाची चव काय!" म्हणाली आणि वखारीकडे निघाली.

वखारीच्या कारभाऱ्याने तिला एक मोरपंखी सायकल दाखवली. तिला आरसे होते, गोंडे होते, आणि भोंगा दाबला की सनई वाजायची. मावशीने सनई ऐकली मात्र, तिचं भान हरपलं. कोपऱ्यात एक मातकट, बुटकी सायकल उभी होती. तिच्याकडे मावशीने ढुंकूनही पाहिलं नाही.

त्या गावाची एक रीत होती. नवं वाहन आलं की देवळाभोवती त्याच्या तीन फेऱ्या मारायच्या. न पडता फेऱ्या झाल्या की पुजारीबुवा नारळ फोडून सांगत, "वाहन उत्तम आहे." देवळाभोवतीची जमीन तळहातासारखी सपाट होती. त्यामुळे आजवर एकही वाहन वाईट निघालं नव्हतं. मावशीचीही सायकल सनई वाजवत तीनदा फिरली, नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं.

दोनच दिवसांनी वाडीतला तरुण कोष्टी धापा टाकत खाली आला. "मावशी, बायकोला कळा सुरू झाल्यात. पहिलटकरीण आहे. लवकर चला!"

"तू हो पुढे," मावशी ऐटीत म्हणाली. "तुझ्याआधी पोचते."

आणि खरोखरच तिने त्याला सनई वाजवत मागे टाकलं. पण खिंडीचा चढ लागला तशी सायकल कण्हायला लागली. मग रांगायला लागली. अर्ध्या चढावर वीज संपली आणि ती जागीच थांबली. मावशी उतरून ढकलू लागली, तर ती जात्यासारखी जड. मावशी एक पाऊल पुढे जाई आणि सायकल तिला दोन पावलं मागे आणी. त्यात लुगड्याचा काठ साखळीत अडकला.

मागून कोष्टी आला. काठ सोडवून तो हात जोडून म्हणाला, "मावशी, सायकल राहू द्या. तुम्ही तेवढ्या चला."

"अरे, राजाने दिलीय! कशी सोडू?"

तेवढ्यात वरून त्याच्या बायकोची किंकाळी ऐकू आली. मावशीने हात सोडले. मोरपंखी सायकल उतारावरून सुसाट सुटली आणि सनई वाजवत थेट गावच्या उकिरड्यात शिरली.

वळणावर गाढव उभं होतं. सनई खिंडीकडे निघालेली ऐकून ते मागोमाग निघालं होतं. मावशीने औषधांचं गाठोडं त्याच्या पाठीवर टाकलं, एका हाताने त्याची आयाळ धरली, दुसऱ्या हाताने कोष्ट्याचा खांदा धरला आणि ती चढ चढली.

ती पोचली तेव्हा मूल झालं होतं, पण रडत नव्हतं. कोष्ट्याची आई ते हातात घेऊन थिजल्यासारखी उभी होती. मावशीने ते झटकन घेतलं, तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. आणि मग ते मूल असं रडलं, की बाहेर गाढवाने कान टवकारले.

मावशी उंबऱ्यावर बसली आणि त्या मुलापेक्षा जास्त रडली. आणखी थोडा उशीर झाला असता, तर त्या सनईचं ती काय करणार होती?

दुसऱ्या दिवशी ती गाढवाला आणि घरचा पाटा-वरवंटा घेऊन वखारीत हजर झाली. एकेका सायकलीवर पाटा बांधून ती वखारीमागचा, राजाच्या किल्ल्याचा चढ चढली आणि मधेच वीज बंद करून तिने ढकलून पाहिलं. कारभारी कपाळावर हात मारून घेत होता. अखेर ती कोपऱ्यातली मातकट, बुटकीच चढ चढली. लुगडं नेसून तिच्यावर सहज बसता येत होतं. चढावर थांबवली तर थांबत होती, ढकलली तर सरकत होती. सनई मात्र नव्हती.

त्या दिवसापासून गावाची रीत बदलली. नवं वाहन आता देवळाभोवती फिरत नाही. पुजारीबुवा गावात सर्वांत वजनदार, म्हणून त्यांनाच मागे बसवून खिंड चढवतात. बुवा आता नारळाआधी देवाचा धावा करतात.

घरी आल्यावर मावशीने गाढवापुढे गुळाचा मोठा खडा ठेवला. गाढवाने तो सावकाश चघळला आणि ते म्हणालं, "चव बरी आहे."

तात्पर्य: वाहन सपाटीवर पारखू नये, आपल्या वाटेवर, आपल्या ओझ्यासकट पारखावं.