पालथा घडा आणि भोपळ्याचा देठ

"बंद करा ती शाळा!" महाराज गरजले.

भिवरपूरच्या दरबारात रंगनाथ गुरुजी हात जोडून उभे होते. शाळेला कधीच रामराम ठोकून पारावर टिवल्याबावल्या करणाऱ्या थोराड पोरापोरींना ते गोडीगुलाबीनं पुन्हा पाटीपुढे बसवत. खर्च सरकारी खजिन्याचा. नेमकं तेच दिवाणजींच्या पोटात दुखत होतं.

"सरकार, एकदा शिकवलं तर पळाले. आता पुन्हा शिकवायचं?" दिवाणजी म्हणाले. "पालथ्या घड्यावर पाणी! त्यांच्या डोक्यात नुसती हवा भरलीय, हवा!"

महाराजांना म्हण भलतीच आवडली. आणि एखादी गोष्ट आवडली की ती ताणायची, ही त्यांची जुनी खोड.

"गुरुजी, पालथा घडा पाण्यानं भरून दाखवा! सुलटा करायचा नाही, भोक पाडायचं नाही. भरला तर खजिना उघडा. नाही भरला तर आजच शाळेला कुलूप!"

गुरुजींचा चेहरा पडला. तेवढ्यात त्यांच्या मागून आवाज आला, "म्या भरते, महाराज!"

ही तुळसा. म्हशी राखायला म्हणून शाळा सोडलेली, आणि आता गुरुजींकडे धडाधडा वाचू लागलेली. शाळा बंद झाली की पुन्हा म्हशींमागे जायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते तिला मुळीच नको होतं.

"तू कोण गं?" महाराजांनी विचारलं.

"त्या पालथ्या घड्यांतलाच एक!"

सगळे बागेतल्या हौदापाशी गेले. तुळसा म्हणाली, "घडा दाबून धरायला दिवाणजीच पायजेत. दरबारात त्यांचंच वजन जास्त!"

महाराज मिशीत हसले. दिवाणजींनी नाइलाजानं बाह्या सारल्या आणि घडा पालथा करून पाण्यात दाबला. घडा कसला ऐकतोय! आत पाणी शिरेना, उलट तोच दिवाणजींना वर ढकलू लागला.

"बघा सरकार, एक थेंब घेत नाही!" दिवाणजी धापा टाकत म्हणाले.

तुळसानं कुंपणावरच्या वेलाचं भोपळ्याचं पान खुडलं. देठाची दोन्ही टोकं तोडून त्याची पोकळ नळी केली, अलगद वाकवली. एक टोक घड्याच्या तोंडाखालून आत, वरपर्यंत सारलं. दुसरं पाण्याबाहेर ठेवून तोंडानं ओढलं.

भुस्स! हवा बाहेर पडू लागली. गुडगुड करत पाणी आत चढलं. घडा जड झाला, तळाशी गेला, आणि त्याला धरून बसलेले दिवाणजीही कमरेपर्यंत हौदात उतरले!

"घडा वाईट नव्हता, महाराज," तुळसा म्हणाली. "आत हवा कोंडली हुती. गुरुजी आधी तिला वाट करून देत्यात, मंग शिकवत्यात."

"पण सरकार, ही फसवणूक आहे!" हौदातून दिवाणजी ओरडले. "हा घडा बाहेर काढा, सगळं पाणी सांडेल!"

"म्हणून तर सांगते," तुळसा ताडकन म्हणाली, "आमाला शाळेतून बाहेर काढू नका!"

महाराज पोट धरधरून हसले. हसताना पागोटं हौदात पडलं, तरी थांबेनात. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"शाळेचा खर्च दुप्पट! आणि तुळसाला तिथंच गुरुजींच्या हाताखाली पगारी नेमणूक!" महाराजांनी हुकूम सोडला. मग निथळत उभ्या असलेल्या दिवाणजींकडे पाहून म्हणाले, "तुळसा, यांच्याही डोक्यातली हवा काढता येईल का गं?"

"येईल की, महाराज! पण देठ लई लांब लागंल!"