महाराजांच्या पुस्तकाची जागा

भोरजगडच्या अजिंक्यराव महाराजांना लहर आली. नव्या ग्रंथालयाच्या उद्घाटनाला शेजारचे राजेरजवाडे येणार होते. माणसाची प्रगती समजावून सांगतील अशी मोजकी पुस्तकं त्यांच्यापुढे मांडा, असं त्यांनी ग्रंथपाल वेणूबाई रेग्यांना फर्मावलं.

"आणि त्यात आमचं आत्मचरित्र हवंच. नसेल तर नोकरी सोडा नि गावही सोडा."

वेणूबाईंनी ते आत्मचरित्र जांभया देत वाचलं होतं. त्यात महाराजांनी शौर्यानं मारलेला वाघ खरं तर साखळीला बांधलेला होता, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. असलं पुस्तक मांडायचं म्हणजे विद्येची थट्टा, आणि न मांडावं तर जायचं कुठे?

समारंभाच्या दिवशी वेणूबाईंनी शेतीचं, वैद्यकाचं, कायद्याचं अशी पुस्तकं मांडली. महाराजांचं अगदी शेवटी ठेवलं. महाराज फुलून गेले.

"बाई, आमचं शेवटी का, ते पाहुण्यांना सांगा की!"

"महाराज, माणूस किती पुढे आला ते बाकीची पुस्तकं सांगतात. अजून किती जायचं राहिलंय, ते आपलं वाचल्याशिवाय कळत नाही."

पाहुणे खो खो हसत सुटले. महाराज लालबुंद झाले.

"आमच्या आजोबांच्या काळी असल्या जिभा छाटत असत!"

वेणूबाईंचा आवाज हलला नाही. "आणि आज छाटत नाहीत. प्रगती म्हणतात ती हीच, असं सांगू ना पाहुण्यांना?"

सगळे राजे महाराजांच्या तोंडाकडे पाहू लागले.

"सांगा," महाराज दातओठ खात म्हणाले.