झुबकीची शेंग

पेरूच्या झाडावर एक खार राहायची. अंग मुठीएवढं, शेपूट झुबकेदार. म्हणून तिचं नाव झुबकी.

झाडाखाली हौसामावशीचं घर. मावशी रोज सकाळी ओट्यावर एक भुईमुगाची शेंग ठेवायची. ती झुबकीची शेंग. दुसऱ्या कुणाची नाही.

एके दिवशी ओटा रिकामा. शेंगच नाही.

झुबकी घरात गेली, तुरुतुरु तुरुतुरु. मावशी भिंतीला टेकून बसलेली. ओठ पांढुरके. दोन पावलं चालली की धाप लागायची, हुश्श हुश्श.

"मावशी, माझी शेंग?"

"कशी देऊ गं बाई? अंगात रक्त कमी झालंय. नर्सबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. हिरवी भाजी खा म्हणाल्या. मेथी शिजू दे, पोटात जाऊ दे, बळ येऊ दे. मग देते शेंग."

"माझी शेंग मी घेणारच," झुबकी म्हणाली. आणि निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

परसात मेथी डुलत होती.

"मेथी, मेथी,
मावशी शेंग देईना.
तू शिजतेस का?"

"लोखंडी कढई तापली तर शिजेन."

झुबकी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. माळ्यावर कढई पालथी पडलेली.

"कढई, कढई,
मावशी शेंग देईना,
मेथी शिजेना.
तू तापतेस का?"

"अंगभर गंज चढलाय माझ्या. लिंबानं घासलं तर तापेन."

झुबकी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. परसातल्या लिंबाच्या झाडावर एक लिंबू लोंबत होतं.

"लिंबू, लिंबू,
मावशी शेंग देईना,
मेथी शिजेना,
कढई तापेना.
तू पडतंस का?"

"देठ घट्ट आहे. मुंगळा चावला तर पडेन."

झुबकी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. बुंध्यापाशी मुंगळा बसला होता.

"मुंगळ्या, मुंगळ्या,
मावशी शेंग देईना,
मेथी शिजेना,
कढई तापेना,
लिंबू पडेना.
तू चावतोस का?"

"उपाशी आहे मी. गूळ मिळाला तर चावीन."

झुबकी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. फळीवर गुळाचा एवढासा खडा.

"गुळा, गुळा,
मावशी शेंग देईना,
मेथी शिजेना,
कढई तापेना,
लिंबू पडेना,
मुंगळा चावेना.
तू उरतोस का?"

"चहा मला संपवतो. उठल्यावर चहा, जेवल्यावर चहा, गोळीवरही चहा. चहा थांबला तर उरेन."

झुबकी वळली. शेजारीच चहाचा डबा.

"चहा, चहा,
मावशी शेंग देईना,
मेथी शिजेना,
कढई तापेना,
लिंबू पडेना,
मुंगळा चावेना,
गूळ उरेना.
तू थांबतोस का?"

चहा डब्यातून हसला. "मी कुणासाठी थांबत नाही. गोळीमागं मी येणार. गोळीचं बळ मीच खाणार. मुठीएवढी तू, काय करशील?"

झुबकी डब्यावर चढली. झाकणावर बसली.

"ऊठ," चहा म्हणाला.

"नाही उठत."

ऊन ओट्यावर आलं. ऊन भिंतीवर चढलं. झुबकीला भूक लागली. तरी उठली नाही. शेवटी चहाच दमला. म्हणाला, बरं बाई, गोळीच्या वेळी नाही येत, जेवणाच्या वेळी नाही येत. मागाहून येईन.

मग काय.

चहा थांबला.
गूळ उरला.
मुंगळा चावला, कुट्ट.
लिंबू पडलं, टप्प.
अर्ध्या लिंबानं कढई घासली, खसाखसा.
कढई तापली, चर्र.
मेथी शिजली, रटरट.

उरलेलं अर्धं लिंबू मावशीनं भाजीवर पिळलं. भाजीभाकरी खाल्ली. मग पाण्याबरोबर गोळी घेतली.

लगेच बळ आलं का? नाही बरं. बळ असं पळत येत नाही. हळूहळू येतं. रोज हिरवी भाजी. रोज लिंबू. रोज गोळी. आणि रोज झुबकी डब्यावर.

पेरूला फुलं आली. फुलांचे पेरू झाले. नर्सबाईंनी मावशीची पापणी खाली ओढून पाहिली. आत लाल लाल. गोळ्या अजून थोडे दिवस घ्या म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी मावशी उठली. झपझप ओट्यावर आली. हुश्श नाही, काही नाही. तिनं शेंग फोडली, कट्ट. आत दोन दाणे.

"एक तुझा, झुबके. एक माझा."

झुबकीनं दाणा दोन्ही हातांत धरला. कुरुम कुरुम.

डब्यातून चहानं हळूच विचारलं, "आता येऊ का?"

"थांब," झुबकी म्हणाली. "मावशीचा दाणा संपू दे."